गंग्याचा जबडा

आप्पा गेल्यावर चार वर्षांनी माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली, तर गंग्याचा जबडा छातीवर लोंबत होता.

आप्पा अमळनेर तालुक्यात प्राथमिक शिक्षक. रामदास पाध्यांचा अर्धवटराव टीव्हीवर बघून त्यांनी हा बोलका बाहुला घरीच केला होता. डोकं कागदाच्या लगद्याचं, आतून पोकळ. मानेत काठी आणि काठीवरच्या खटक्याला बांधलेली जबड्याची दोरी. लगद्यात मेथीची पूड होती, म्हणून डोकं किड्यांपासून वाचलं. सदरा उंदरांनी खाल्ला होता.

वाटलं, दोन दिवसांचं काम. अख्खा मे महिना गेला.

जबडा सायकलच्या आऱ्यावर फिरायचा. आरा गंजलेला, जबडा वर ओढणारं रबर वितळून चिकटलेलं. नवा आरा घातला, रबराऐवजी बॉलपेनची स्प्रिंग लावली. तोंड उघडलं, पण मिटेना. मग सायकलच्या ट्यूबची पट्टी लावली, तर मिटताना असा खट्ट आवाज यायचा की मागच्या खोलीतून आई विचारायची, काय पडलं? जबडा टेकतो तिथे फ्लॅनेलचा तुकडा चिकटवला, तेव्हा कुठे आवाज गेला.

खरी माती रंगात खाल्ली. ओठांच्या कडांपासून हनुवटीपर्यंत दोन चिरा असतात, त्यांत मिलिमीटरभर फट लागते. मी हौसेने ऑइलपेंटचे तीन हात दिले. सकाळी बघतो तर गंग्याची दातखीळ बसलेली. दोन दिवस पॉलिशपेपरने चिरा घासत बसलो. गालांना मात्र हात लावला नाही. आप्पांनी दिलेली लाली एका गालावर जास्तच आहे, ती तशीच ठेवली.

आता त्याला बोलतं करायचं. ओठ न हलवता प, फ, ब, भ, म निघत नाहीत. पच्या जागी त, बच्या जागी द, मच्या जागी न म्हणून वेळ मारून न्यायची. गंग्या हे नाव आप्पांनी का निवडलं, ते तेव्हा कळलं. पण 'भो' म्हटल्याशिवाय खान्देशात बोलणं सुरू तरी होतं का?

पहिला खेळ आईपुढे केला. गंग्या म्हणाला, "नाय, जेवण व्हयनं का?"

"नाय काय रे?" आई म्हणाली. "तुना बाप चांगलं 'माय' म्हने."

आप्पांच्या मिशा केवढ्या झुपकेदार होत्या, हे ती विसरली की मुद्दाम बोलली नाही, कोण जाणे.