पार्किंगमधलं हार्ट रिहॅब, माझा अनुभव

मला १३ व्या वर्षी मांडीच्या हाडाचा कॅन्सर झाला होता, युइंग सार्कोमा. केमो झाली, बरी झाले, कॉलेज नोकरी सगळं झालं आणि फाईल माळ्यावर गेली. मग २७ व्या वर्षी डोंबिवली स्टेशनचा पूल चढताना धाप लागायला लागली, मला वाटलं वजन वाढलंय, आई म्हणाली बाहेरचं खाणं बंद कर. इको, म्हणजे हार्टची सोनोग्राफी केली तर ईएफ (दर ठोक्याला हार्ट किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) ४१, पंचावन्नच्या वर हवं होतं.

डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं, केमोत लाल औषध किती मिळालेलं? ते डॉक्सोरुबिसिन, ज्याने लघवीपण लाल व्हायची, आणि ज्याने पुढे हार्ट कमजोर होऊ शकतं. फाईल काढली तर टोटल ३७५ मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर, आणि २५० च्या पुढे गेलं की हार्टवर कायम लक्ष ठेवावं लागतं. हे तेव्हा कुणी सांगितलंच नाही की बरं झाल्याच्या आनंदात आम्हीच विसरलो, देव जाणे.

गोळ्या सुरू झाल्या, तब्येत स्थिरावल्यावर रिहॅब, म्हणजे हार्टसाठी देखरेखीखालचा व्यायाम. आठवड्यातून तीनदा लोकलने जायचं म्हणजे निम्मा दम तिथेच संपणार, म्हणून घरूनच ठरलं. आधी हॉस्पिटलमध्ये ६ मिनिटं चालवून बघितलं, ३९० मीटर झाले. बाकी सगळे साठीचे काका, एकाने विचारलं, बाळा तू कुणाला घेऊन आलीस?

घरी मग बीपी बघायचा, ५ मिनिटं वॉर्मअप, बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये १० मिनिटं चालणं, नंतर व्यायामाचा ताणायचा रबरबँड, आणि जोर लावताना श्वास रोखायचा नाही. मी घड्याळात पल्स बघून खूश, ९५ च्या वर जातच नाही! व्हिडिओ कॉलवर फिजिओ ताई हसल्या, अगं तुझ्या हार्टच्या गोळ्यांतली एक पल्स दाबून ठेवते, त्या आकड्यावर जाऊ नकोस. त्यांनी किती दम लागतोय ते आपणच ठरवायची ६ ते २० ची पट्टी दिली, ११ ते १३ मध्ये राहायचं, म्हणजे बोलता आलं पाहिजे पण गाता येऊ नये. खरं सांगू, हळू चालणंच सगळ्यात कठीण गेलं, वॉचमनकाका पण मला ओव्हरटेक करायचे. रोज सकाळी वजनही, ३ दिवसांत २ किलो वाढलं तर अंगात पाणी साठत असू शकतं, म्हणून लगेच फोन.

१२ आठवड्यांनी ४७० मीटर, ईएफ ४७. गोळ्या चालूच आहेत. पूल आता मध्ये एकदाच थांबून चढते. रबरबँड आईने पळवलाय, तिच्या खांद्यासाठी.