शिरोरेषा शेवटी येते तेव्हा

मोबाइलच्या पडद्यावर बोटाने मराठी लिहिताना यंत्राला अक्षराचे तयार चित्र मिळत नाही. बोट कोठे टेकले, कसे वळले आणि केव्हा उचलले, हे सांगणारे बिंदू क्रमाने मिळत जातात. या क्रमातच आपल्या लिपीची खरी अडचण आहे. बहुतेक जण शिरोरेषा अख्खा शब्द लिहून झाल्यावर ओढतात, काही जण ती गाळतात. घ आणि ध किंवा भ आणि म यांतला फरक मात्र बराचसा ती रेषा कोठे तुटते यावरच ठरतो. ठाणे–वाशी लोकलमध्ये उभ्या उभ्या लिहिलेले ‘वीज बिल भरणे’ हे ‘वीज बिल मरणे’ असे उमटले, तर केवळ रेघा वाचणाऱ्या भागाला दोष देता येत नाही. (बिलाची रक्कम पाहून तसे वाटणे वेगळे.)

येथे भाषेचे मॉडेल, म्हणजे भरपूर मजकूर वाचून कोणत्या शब्दानंतर किंवा अक्षरानंतर काय येण्याची शक्यता किती हे शिकलेला प्रोग्राम, कामी येते. रेघांवरून भ आणि म यांना मिळालेले गुण आणि आधीच्या शब्दांवरून मिळालेले गुण ठराविक वजनाने एकत्र केले जातात, आणि ‘बिल’नंतर ‘भरणे’ कितीतरी अधिक संभवनीय असल्याने निकाल फिरतो. गूगलच्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत अक्षरे आधी तोडून घेतली जात नाहीत. रेघा बेझिए वक्रांच्या, म्हणजे मोजक्या आकड्यांत मांडता येणाऱ्या गुळगुळीत वक्ररेषांच्या, रूपात एलएसटीएम या क्रमाने येणारी माहिती लक्षात ठेवत वाचणाऱ्या कृत्रिम चेताजाळ्याला दिल्या जातात आणि त्याच्या उत्तरांतून निवड करताना भाषेच्या मॉडेलचे गुणही धरले जातात.

मराठीसाठी नुसती शब्दांची यादी पुरत नाही. ‘घर’ यादीत असले तरी ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ असणार नाही. म्हणून अक्षरांच्या किंवा शब्दखंडांच्या क्रमावर शिकलेले मॉडेल हवे, आणि फोनच्या मर्यादित स्मृतीत ते मावलेही पाहिजे.

मात्र मॉडेलवर फार भिस्त ठेवली तर विशेषनामांचा बळी जातो. ‘कोपरखैरणे’मधला ख हा ‘रव’ नव्हे, हे ते नाव पूर्वी वाचनात आलेले मॉडेल सहज ठरवील. परंतु सोसायटीच्या प्रवेशनोंदीच्या टॅबलेटवर पाहुण्याने ‘भोरे’ लिहिले, तर अधिक प्रचलित असलेले ‘मोरे’च पुढे येण्याचा धोका राहतो, आणि तेथे आधीच्या वाक्याचा आधारही नसतो. माझ्या मते नावाच्या रकान्यात मॉडेलचे वजन कमी करावे, दोन्ही पर्याय पडद्यावर दाखवावेत आणि निवड लिहिणाऱ्यावर सोपवावी. स्वतःच्या फोनवर संपर्क-यादीतील आडनावांनाही थोडे जादा गुण देता येतील. ती यादी त्यासाठी फोनबाहेर पाठवावी लागत नाही.