झर गढूळ झाली तो दिवस

अंत्रुज महालातील, म्हणजे गोव्यातील फोंडा भागातील, कुळागरे (पोफळी-नारळाच्या बागा) डोंगराच्या पायथ्याशी असतात, कारण झरी तेथेच फुटतात. वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, जांभ्याचा टणक, भोकाभोकांचा थर असतो. वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पडणारा पाऊस त्यातून खाली मुरतो आणि खालच्या पांढरट-गुलाबी चिकणमातीपाशी अडून आडवा वाहू लागतो. जांभा आणि माती यांचा सांधा जेथे उघडा पडतो तेथे पाणी बाहेर येते. पोफळींना उन्हाळाभर जगवणारी ही व्यवस्था कडा पाडूही शकते, हे मी अभियांत्रिकी भूशास्त्र शिकताना वाचले होते. डोळ्यांदेखत पाहिले ते एका जुलै महिन्यात, फोंड्याजवळ.

त्या सकाळी एका कुळागराच्या मालकांचा फोन आला. "बाय, झरीचे पाणी पांढरे येते आहे. भर पावसातही ती कधी गढूळ झालेली नाही," असे ते म्हणाले, आणि मला तेवढे पुरेसे होते. ओहोळ पावसात गढूळ होणारच. पण जमिनीतून गाळून येणारी झर गढूळ झाली, तर डोंगराच्या पोटातली माती बाहेर पडते आहे असाच त्याचा अर्थ होतो.

कड्याच्या पायथ्याशी, जांभ्याच्या छताखाली, माणूस ओणवा होऊन आत जाईल एवढी पोकळी तयार झालेली होती. तिच्या मागच्या भिंतीत बोटभर रुंदीची काही छिद्रे होती आणि त्यांतून पाणी संथपणे, अजिबात जोर न करता वाहत होते. प्रत्येक छिद्राखाली अतिशय बारीक मातीचा पंख्यासारखा पसरलेला लहानसा ढीग साचला होता. तो चिमटीत घेतला तर कण लागत नव्हते, नुसता बुळबुळीतपणा जाणवत होता. काचेच्या बाटलीत पाणी भरून मी ती दगडावर ठेवली. थोड्याच वेळात तळाशी पांढरा थर स्पष्ट दिसू लागला.

तेथे एक ठेकेदार काँक्रीट कालवून तयार होता. भोके बुजवली की माती यायची थांबेल, असे त्याचे म्हणणे होते. मी ते काम आधी थांबवले. पाण्याची वाट बंद केली तर ते मागे तुंबते, त्याचा दाब वाढतो आणि ते शेजारी, अधिक कमकुवत जागी वाट काढते. पाणी येऊ द्यायचे आणि कण अडवायचे, एवढेच आपल्या हातात असते.

वर सड्याच्या कडेला कुळागराच्या मालकांच्या, म्हणजे काकांच्या, पुतण्याचे घर होते. "समोरून कडा अगदी धड दिसतो, आणि हा चिरा, म्हणजे जांभा दगड, तर यंत्राशिवाय तुटत नाही," असे तो म्हणाला. त्याला मी फोंड्याच्याच किल्ल्याची आठवण दिली. 1683 मध्ये पोर्तुगीज विजरईने या किल्ल्यावर तोफा डागल्या. तोफेचा मारा तटाच्या दर्शनी अंगावर होतो आणि किती पडझड झाली ते सर्वांना दिसते. त्याआधी, 1675 मध्ये, शिवाजी महाराजांनी हाच किल्ला घेताना तटाखाली दडलेल्या सुरुंगांचा वापर केला होता, आणि 1739 मध्ये वसईचा बुरूज मराठ्यांनी सुरुंगानेच उडवला. युरोपात या तंत्राचे शास्त्र झाले. मातीने भरलेल्या टोपल्यांच्या आडोशाने सॅपर, म्हणजे चर खणणारे सैनिक, नागमोडी चर खणत तटाकडे सरकत, आणि 1673 च्या मास्ट्रिख्टच्या वेढ्यात व्होबाँ या फ्रेंच लष्करी अभियंत्याने अशा चरांना तटाशी समांतर खंदकांची जोड दिली. दारूच्या आधीच्या काळात तर तटाखाली पोकळी खणून तिला लाकडी टेकू देत आणि शेवटी टेकूंना आग लावत. वरचा तट स्वतःच्याच वजनाने खाली येई. भूजलाने पायथा पोखरून कडा पाडण्याच्या क्रियेलाही भूशास्त्रात सॅपिंगच म्हणतात.

दोहोंत एक फरक आहे, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. सॅपर थकतो, त्याला गोळ्या लागतात, त्याचा चर पुढे जाईल तसे काम कठीण होते. पाण्याचे उलट असते. पोकळी जितकी आत सरकते, तितके आजूबाजूचे भूजल तिच्याकडेच ओढले जाते. प्रवाह वाढला की अधिक माती वाहते आणि पोकळी आणखी आत जाते. म्हणून अशी झीज सुरुवातीला वर्षानुवर्षे लक्षात येत नाही आणि नंतर एकाच पावसात वेग घेते.

अंगणात आम्हांला झिजेने वेग घेतल्याची खूण मिळालीच. तुळशीवृंदावनाच्या पायथ्यापासून गोठ्यापर्यंत, कड्याकडे दोन्ही टोके वळलेली, कमानीसारखी एक ताजी भेग गेली होती. छपराचे पाणी आणि न्हाणीचा शोषखड्डा, दोन्ही भेगेच्या आतच जिरत होते. घरामागे सोडून दिलेली चिरेखण (चिरे काढण्याची खाण) पावसाने काठोकाठ भरलेली होती, आणि झरीला एवढे पाणी कोठून मिळते याचे उत्तर तेथे होते.

मी घर तत्काळ रिकामे करायला सांगितले. पुतण्याची आई प्रथम तयार नव्हती. काकांनी तिची समजूत घातली, आणि दुपारपर्यंत माणसे देवळाच्या अग्रशाळेत (यात्रेकरूंच्या निवासात) व गुरे शेजाऱ्यांच्या मांगरात, म्हणजे शेतातल्या खोपटात, हलवली. संध्याकाळ होण्यापूर्वी गोठ्याखालचा जांभ्याचा भाग भेगेवर तुटून कुळागरात कोसळला. घर उभे राहिले आणि कोणालाही इजा झाली नाही. काही पोफळी मात्र मुळासकट गेल्या, आणि त्यांच्यापाशी काका बराच वेळ उभे होते.

त्यानंतर पंप लावून चिरेखण उपसली. पायथ्याशी आधी वाळू, तिच्यावर बारीक खडी आणि वर मोठे दगड असा गाळणीचा थर रचला. मृदायांत्रिकीचे जनक तेर्झागी यांचा नियम अशा वेळी अचूक मार्ग दाखवतो: गाळणीतील बारीक कण, म्हणजे ज्याहून लहान कण वजनाने 15 टक्केच असतात ते माप, हे मातीतील भरड कणांच्या, म्हणजे 85 टक्क्यांच्या मापाच्या चार-पाच पटींपेक्षा मोठे नसावे. ही मर्यादा पाळली तर माती अडते, आणि गाळणी मातीपेक्षा पुरेशी भरड असली तर पाणी सुटते. नुसते दगड टाकले असते, तर त्यांच्या फटींतून माती जातच राहिली असती.

चिरेखणीत पुन्हा पाणी साठू नये म्हणून सड्याच्या दुसऱ्या बाजूला उतार देऊन चर काढावा, असे मी अहवालात सर्वांत आधी लिहिले. तो चर शेजाऱ्यांच्या जमिनीतून जाणार असल्याने त्यांची संमती आणण्याचे काम काकांनी स्वतःकडे घेतले, आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी ते पूर्ण झाले.