ईसीजी चांगला आला, मग खेळायला हरकत काय?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो. उन्हाळी शिबिरे जवळ आली की वडोदऱ्यातल्या दांडिया बाजार भागातील माझ्या दवाखान्यात आईवडील हा प्रश्न हमखास विचारतात: मुलाला धावताना भोवळ आली होती खरी, पण ईसीजी चांगला आहे, मग मैदानावर पाठवायला हरकत काय?

हरकत आहे. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या दोन करोनरी धमन्या महाधमनीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कप्प्यांपैकी आपापल्या, डाव्या किंवा उजव्या, कप्प्यातून निघतात. क्वचित एखाद्या मुलात डावी धमनी जन्मतःच उजव्या कप्प्यातून निघते आणि महाधमनी व फुप्फुसधमनी यांच्यामधून वाट काढत डावीकडे जाते. तिचे तोंड पुष्कळदा फटीसारखे चिंचोळे असते आणि सुरुवातीचा भाग महाधमनीच्या भिंतीतूनच गेलेला असतो. बसल्या जागी तेवढे रक्त पुरते, आणि ईसीजी आडवे झोपवूनच काढतात. जोरात धावताना मात्र ती फट आणखी दबते, शिवाय ठोके वाढल्यामुळे दोन ठोक्यांच्या मधला, या धमन्या भरण्याचा वेळही आटतो. ट्रेडमिलची चाचणी चांगली आली तरी माझे समाधान होत नाही, कारण या दोषात तीही चकवते. उजवी धमनी डावीकडून निघण्याचा प्रकार अधिक आढळतो, पण त्यात धोका कमी असतो.

अमेरिकेचा बास्केटबॉलपटू पीट मॅराविच १९८८ साली, वयाच्या ४०व्या वर्षी, खेळताना कोसळून वारला. त्याला डावी करोनरी धमनीच नव्हती, हे शवविच्छेदनात कळले. तोवर तो दहा हंगाम व्यावसायिक सामने खेळून निवृत्तही झाला होता; दोष वेगळा, पण तोही इतकी वर्षे खेळूनही लपून राहिला.

म्हणून भोवळ नेमकी केव्हा आली, हे मी खोदून विचारतो. उन्हात रांगेत उभे असताना आलेली चक्कर बहुधा साधी असते. धावण्याच्या ऐन भरात मूल पडले असेल, त्यातही आधी छातीत दुखले असेल, तर ‘सकाळी उपाशी होता’ हे कारण मी मानत नाही. (पोटात शेवउसळ असती तर पडला नसता, असे एका आजोबांनी मला ठासून सांगितले होते.)

इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) चिठ्ठीवर ‘दोन्ही करोनरींची तोंडे पाहावीत’ असे मी मुद्दाम लिहितो, कारण झडपा आणि पंपिंग पाहून ‘नॉर्मल’ लिहिलेल्या अहवालात ती पाहिलेली असतीलच असे नाही. महाधमनीच्या आडव्या छेदात, घड्याळाच्या हिशेबाने, डावीचे तोंड साधारण चारपाशी आणि उजवीचे अकरापाशी दिसायला हवे. तिथे दिसले नाही, की सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅन. डावी धमनी मधल्या वाटेने जाताना आढळली तर खेळ बंद आणि शस्त्रक्रिया. भिंतीत दबलेला भाग उघडून तोंड रुंद करतात, आणि पुढच्या तपासण्या समाधानकारक आल्यास अनेक मुले पुन्हा खेळू लागतात. शिबिराची भरलेली फी परत मिळत नाही, ही अडचण मात्र मला सोडवता येत नाही.