आगीभोवतीची माणसं

इमारतींमध्ये आगीपासून बचावाची सोय नीट आहे का, हे तपासणं माझं पोटापाण्याचं काम. चिनी भाषा शिकणं हा फावल्या वेळचा नाद. चिनीत ‘छंग-यू’ नावाचे, बहुतेक चार अक्षरांचे, घट्ट विणलेले वाक्प्रचार असतात. पुष्कळांमागे एखादी गोष्ट, एखादा राजा, एखादा फजीत झालेला मंत्री. त्यातले आगीचे मी वेगळे काढून ठेवते. धंद्याची खोड, दुसरं काय.

माझा सगळ्यात लाडका म्हणजे ‘धुराडं वळवा, सरपण हलवा’. एका घरी पाहुणा येतो. चुलीचं धुराडं सरळसोट आहे आणि सरपण अगदी त्याला खेटून रचलंय, हे त्याला दिसतं. तो सांगतो, धुराड्याला वाक द्या, लाकडं लांब न्या, नाहीतर एक दिवस आग लागेल. यजमान ऐकून गप्प बसतो. पुढे घर पेटतं, शेजारी धावून येतात, आग कशीबशी विझते. यजमान बैल कापून, दारू मांडून मेजवानी देतो. ज्यांची डोकी होरपळली ते मानाच्या जागी, बाकीचे ज्याच्या त्याच्या मदतीप्रमाणे खाली. सरपण हलवा म्हणणाऱ्याला आवतणच नाही! शेवटी कोणीतरी यजमानाला म्हणतं, त्याचं ऐकलं असतंत तर बैलही वाचला असता आणि घरही.

ही गोष्ट हान घराण्याच्या इतिहासात येते, आणि ती कोणाच्या स्वयंपाकघराबद्दल नाही. हुओ ग्वांग हा दरबारातला सर्वशक्तिमान माणूस इ.स.पू. 68 मध्ये वारला. त्याच्या घराण्याचा माज वाढत चालला होता. शू फू नावाच्या माणसाने सम्राट श्वानला तीन वेळा लिहून कळवलं, यांना आत्ताच आवरा, म्हणजे त्यांचाही नाश टळेल. काही झालं नाही. इ.स.पू. 66 मध्ये हुओंचा कट उघडकीला आला आणि अख्खं घराणं मारलं गेलं. कटाची खबर देणाऱ्यांना सरदारक्या मिळाल्या, शू फूला काहीच नाही. तेव्हा कोणीतरी सम्राटाला अर्ज करून ही धुराड्याची गोष्ट सांगितली. मग शू फूला रेशमाचे दहा तागे मिळाले, आणि पुढे दरबारात एक पद.

माझ्या तपासणीच्या अहवालांत ‘जिन्याखालचे सामान त्वरित हलवावे’ हे वाक्य इतक्या वेळा येतं की ते मी झोपेतही लिहीन. रेशमाची अपेक्षा नाही, पण शू फूबद्दल मला आपलेपणा वाटतो. गंमत म्हणजे याच गोष्टीतली ‘होरपळलेलं डोकं, भाजलेलं कपाळ’ ही चार अक्षरं आज चिनी माणसं कामाच्या रेट्यात मेटाकुटीला आल्यावर सर्रास वापरतात. म्हणजे रोजच्या बोलण्यातही मानाची जागा भाजलेल्यांनीच पटकावली.

दुसरा आवडता, ‘लाकडं कवटाळून आग विझवायला जाणे’. इ.स.पू. 273 मध्ये छिन राज्याने वेई राज्याचा सपाटून पराभव केला. वेईच्या दरबारात सूर निघाला की थोडा मुलूख देऊन टाकू, म्हणजे छिन शांत होईल. सू दाय नावाचा मुत्सद्दी राजाला म्हणाला, मुलूख देऊन छिनला खूश करणं म्हणजे लाकडं घेऊन आग विझवणं. लाकडं संपेपर्यंत आग विझायची नाही. राजाने मान डोलावली आणि मुलूख दिलाच. इ.स.पू. 225 मध्ये छिनच्या सेनापतीने नदीचं पाणी वळवून वेईची राजधानी बुडवली. आगीची उपमा लागलेलं राज्य शेवटी पाण्याने गेलं.

प्राचीन चिनी तत्त्वज्ञ मेन्शियसचा ‘पेलाभर पाणी, गाडाभर लाकूड’ सगळे ‘मदत तोकडी पडली’ या अर्थाने वापरतात. मूळ बोच वेगळी आहे. चांगुलपणा दुष्टपणावर मात करतोच, जसं पाणी आगीवर, असं तो म्हणतो. पण लोक पेटलेल्या गाडाभर लाकडांवर पेलाभर पाणी ओततात, आग विझत नाही, आणि मग म्हणतात, पाण्याने आग विझतच नाही. हे मी रोज ऐकते. भल्यामोठ्या गोदामात एक छोटासा लाल सिलिंडर टांगायचा आणि वर ऐकवायचं, असल्या उपकरणांचा काही उपयोग नसतो हो.

‘वेशीला आग लागली, खंदकातल्या माशांवर संकट’ हे आपल्या ‘सुक्याबरोबर ओलंही जळतं’च्या जवळचं. आग विझवायला खंदक उपसला, मासे तडफडून मेले. दुसऱ्या शतकातल्या इंग शाओ या विद्वानाने याचा आणखी एक खुलासा नोंदवलाय. मासे वगैरे काही नाही, वेशीजवळ छ जोंग-यू नावाचा माणूस राहायचा, तो त्या आगीत जळून मेला. त्याचं आडनाव ‘तळं’ (चिनीत खंदकालाही हाच शब्द) आणि नावात ‘मासा’. मला माशांचाच खुलासा पटतो. ‘लांबचं पाणी जवळच्या आगीला कामाचं नाही’ हे तर इतकं स्वच्छ आहे की त्यावर काही बोलायलाच नको.

या आगींकडे बघताना एक लक्षात येतं. आग कशी दिसते, कशी वाटते, यात या वाक्प्रचारांना फारसा रस नाही. आग लागली तेव्हा कोण कुठे उभं होतं, हे ते सांगतात. कोणी नदीपलीकडून बघत होतं, कोणी जळत्या घरात लूट करत होतं. हे दोन्ही तर प्रसिद्ध 36 युद्धडावपेचांत आहेत, नववा आणि पाचवा, आणि तिथे ते दोष म्हणून नाही, सल्ला म्हणून दिलेत!

आणि कोणी हुकूम काढत होतं. सोंग काळात थ्येन दंग नावाचा अधिकारी होता. आपल्या नावाचा उच्चार कोणी केलेला त्याला खपत नसे. दिव्यालाही चिनीत ‘दंग’च म्हणतात, म्हणून त्याच्या प्रांतात दिव्याला ‘आग’ म्हणायची सक्ती. चुकलात तर फटके. दिव्यांचा सण आला तेव्हा कारकुनांनी इमानेइतबारे जाहीरनामा लावला, ‘प्रथेप्रमाणे या प्रांतात तीन दिवस आग लावण्यात येईल.’ त्यातून म्हण आली, अधिकाऱ्याने आग लावली तर चालते, रयतेने दिवाही लावायचा नाही. कवी लू यौने हा किस्सा लिहून ठेवलाय.

राजकारणात तर या आगी कोण वापरतो यावर दिशाच बदलतात. शांग घराण्याच्या फान कंग राजाला राजधानी हलवायची होती. कुरकुर करणाऱ्यांना तो म्हणाला, तुमच्या अफवा म्हणजे माळावर पसरलेला वणवा, जवळही जाता येत नाही. राजाची ही तक्रार. पुढे माओने जानेवारी 1930 मध्ये आपला सेनानी लिन ब्याओ याला लिहिलेल्या पत्रात तोच वणवा आशेचा झाला, एक ठिणगी माळ पेटवू शकते. ‘आगीशी खेळणारा स्वतः जळतो’ हे 2022 मध्ये शी जिनपिंग यांनी तैवानवरून बायडेन यांना फोनवर ऐकवलं. त्याचं मूळ इ.स.पू. 719 मधलं. भावाला मारून गादीवर बसलेला जोऊ-श्यू लढाया करत सुटला होता, त्याच्याबद्दल एक मंत्री म्हणाला, सैन्य हे आगीसारखं, आवरलं नाही तर आपल्यालाच जाळतं. मूळ वाक्यात परक्याला दम दिलेला नाही. जोऊ-श्यू त्याच वर्षी मारला गेला.

या सगळ्यांत एकच गोष्ट अशी, जिथे बोलणारा स्वतःच राख आहे. हान आन-क्वो हा अधिकारी तुरुंगात पडला. थ्येन ज्या नावाचा जेलर त्याचा रोज पाणउतारा करी. हान म्हणाला, “विझलेली राख पुन्हा पेटत नाही का?” जेलर म्हणाला, “पेटली तर मुतेन तिच्यावर.” थोड्याच काळात हानला थेट तुरुंगातून काढून बड्या हुद्द्यावर बसवलं गेलं. जेलर पळाला. हानने फर्मान काढलं, परत आला नाहीस तर तुझं कूळ संपवीन. तो आला, खांदा उघडा टाकून माफी मागायला लागला. हान हसून म्हणाला, “मूत आता! तुमच्यासारख्यांच्या मागे काय लागायचं?” आणि पुढे त्याला नीट वागवलं.