तीन संचालक, एकच जन्मतारीख

सांगलीत ३२ वर्षं बँकेच्या काउंटरमागे काढली. "हा कागद कमी आहे, उद्या या," असं किती जणांना सांगितलं असेल, देव जाणे. निवृत्तीनंतर मुलाकडे अमेरिकेत ओमाहाला आलो आणि ते सगळं माझ्याकडून व्याजासकट वसूल झालं.

इथे दक्षिण सुदानी माणसं पुष्कळ. टॅक्सचे फॉर्म फुकट भरून देणाऱ्या केंद्रावर मी जातो, तिथे तिघांची ओळख झाली. तिघंही त्या २० हजारांच्या आसपास मुलांमधले, जी १९८३ नंतरच्या युद्धात घरदार सोडून पायी इथिओपियाला गेली, १९९१ मध्ये तिथूनही हुसकली गेली आणि शेवटी केनियातल्या काकुमा छावणीत वाढली. साधारण ३,८०० जणांना अमेरिकेनं आणलं. हे आले २००१ मध्ये. आता एक मांसाच्या कारखान्यात रात्रपाळीला असतात, एक ट्रक चालवतात, तिसरे शाळेत शिपाई. २०१३ च्या डिसेंबरात दक्षिण सुदानमध्ये पुन्हा युद्ध पेटलं आणि तिथल्या बोर शहरातल्या त्यांच्या नातेवाइकांच्या घरी आईबाप गेलेली पोरं गोळा झाली. त्यांच्या शाळेच्या फीसाठी संस्था काढायची होती. "अंकल, कागदाचं तुम्ही बघा."

कागदाचं फार अवघड नव्हतं. राज्यात नोंदणी, ईआयएन नंबर (करखात्यानं संस्थेला दिलेला ओळख क्रमांक), मग करमाफीसाठी १०२३-ईझेड हा छोटा फॉर्म. वर्षाची जमा ५० हजार डॉलरच्या आत राहणार असेल तर तो चालतो. फी २७५ डॉलर. मोठ्या फॉर्मला ६०० पडतात. मंजुरीचं पत्र आलं त्या दिवशी खजिनदारांनी सगळ्यांना जेवू घातलं. आता खातं उघडलं की झालं, असं मीच म्हणालो.

बँकेचं नाव लिहीत नाही. तिघांनी एकाच वेळी हजर राहायचं होतं. रात्रपाळी आणि ट्रक यांचा मेळ बसायलाच तीन आठवडे गेले. काउंटरवरच्या मुलीनं अध्यक्षांची जन्मतारीख घातली: १ जानेवारी. सचिवांची घातली: १ जानेवारी. खजिनदारांचं कार्ड हातात घेतल्यावर ती थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि उठून आत गेली.

छावणीतल्या पोरांना स्वतःचं वय ठाऊक नव्हतं. कागद करणाऱ्यांनी अंदाजानं साल धरलं आणि तारीख सरसकट १ जानेवारी टाकली. मला यात नवल वाटेना. माझा जन्म कार्तिकातला, दाखल्यावर १ जून. मास्तरांनी शाळेत घालताना लिहिला तो. वर्गात निम्मी पोरं १ जूनचीच. ३१ मेला महाराष्ट्रात एकदम किती सरकारी नोकर निवृत्त होतात, ते आठवा. मुलगी परत आल्यावर मी मोठ्या उत्साहानं हे सांगायला गेलो. तिनं माझंही कार्ड मागितलं, त्यावरची १ जून पाहिली, आणि आता चौघंही संशयित झालो.

मग फोन सुरू झाले. "तुमचा सुदानशी काय संबंध?" मी म्हटलं, दक्षिण सुदान, ९ जुलै २०११ पासून वेगळा देश आहे. "सुदानवर निर्बंध आहेत ना?" त्या देशावरचे व्यापारी निर्बंध २०१७ च्या ऑक्टोबरातच उठले, आणि तो देश आमचा नव्हेच. "नोंद केली, सर." चार दिवसांनी दुसरा माणूस, पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्याला मी नकाशाच पाठवला. दीड महिन्यानं दोन ओळींचं पत्र आलं: खातं उघडता येत नाही. कारण दिलेलं नाही, आणि विचारून सांगतही नाहीत. आम्ही निदान कागद कमी आहे म्हणून तरी सांगायचो! अध्यक्ष मात्र शांत होते. "काकुमात नऊ वर्षं रांगेत उभे होतो, अंकल," म्हणाले. मला त्याचाही राग आला.

नंतर एका छोट्या पतसंस्थेत गेलो. तिथल्या बाई तिन्ही तारखा टाइप करताना मानही वर करेनात. मीच न राहवून विषय काढला, तर म्हणाल्या, आमच्याकडे १ जानेवारीचे ढिगानं आहेत. ४० मिनिटांत खातं उघडलं. तेव्हा मोठ्या बँकेच्या पाट्या बघू नका, निर्वासितांची वस्ती जिथे पगार भरते तिथे आधी जा. नागरिकत्वाच्या दाखल्याच्या झेरॉक्स, ईआयएनचं पत्र आणि खातं उघडण्याचा सहीनिशी ठराव एकाच फायलीत ठेवा.

हो, एक राहिलंच, आणि हे खरं तर फॉर्मच्या आधी सांगायला हवं होतं. बोरमधलं कुठलंही पोर काढा, ते तिघांपैकी कुणाचा तरी पुतण्या नाहीतर भाचा निघतं. आपल्या गावाकडे तरी वेगळं काय आहे? पण संस्था ठरावीक माणसांसाठी किंवा घरच्यांसाठी चालवता येत नाही. म्हणून निवडीचे निकष लिहून काढले, आणि ज्यांच्या नात्यातलं पोर असेल त्यांनी त्या वेळी मत द्यायचं नाही, असा ठराव केला. देणगीदारानं "हे पैसे अमक्याच मुलाला" म्हटलं तरी घेऊ नका. वर्षाचा ९९०-एन, म्हणजे छोट्या संस्थांनी करखात्याला दर वर्षी भरून द्यायचा फॉर्म, विसरू नका. जमा शून्य असली तरी भरायचा. सलग तीन वर्षं चुकला तर करमाफी आपोआप जाते.

गेल्या महिन्यात बोरहून पहिली यादी आली, १९ मुलांची. नाव, इयत्ता, कोणाकडे राहतो, जन्मतारीख. शेवटच्या रकान्यात १४ ठिकाणी १ जानेवारी आहे. फायलीला लावण्याआधी मी त्या चौदांपुढे पेन्सिलीनं "अंदाजे" लिहून ठेवलंय.