टीबी नाही, हे कशावरून?

सार्कॉइडोसिस, म्हणजे फुप्फुसांत आणि इतरत्र प्रतिकारपेशींचे पुंजके जमण्याचा आजार, झालाय म्हटलं की समोरचा माणूस जरा गप्प होतो आणि मग आवाज खाली आणून विचारतो, "पण टीबी नाही, हे कशावरून?" आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

शंका रास्त आहे. कोरडा खोकला, थकवा, उतरलेलं वजन आणि एक्स-रेत फुप्फुसांच्या मुळाशी सुजलेल्या गाठी असं दिसलं की आपल्याकडे आधी टीबीच आठवतो. बायोप्सीतही दोन्हींत ग्रॅन्युलोमा, म्हणजे प्रतिकारपेशींचे पुंजके दिसतात. टीबीत ते बऱ्याचदा मधून मरून पनीरासारखे भुसभुशीत होतात, सार्कॉइडमध्ये सहसा नाही. पण 'सहसा'च्या भरवशावर औषध कोण सुरू करणार?

माझी बायोप्सी ईबस (EBUS) नावाच्या पद्धतीने झाली. श्वासनलिकेत दुर्बीण घालतात, तिच्या टोकाला सोनोग्राफी असते, त्यात बघत बघत गाठीत बारीक सुई टोचतात. घशात बधिर करायचा फवारा मारतात, झोपेचं इंजेक्शन देतात. नंतर घसा खवखवतो, बाकी काही नाही. नमुना पॅथॉलॉजीला गेला, जीनएक्स्पर्टला (टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणारी चाचणी) गेला, कल्चरलाही (जंतू वाढतात का ते बघायला) गेला. जीनएक्स्पर्टचा रिपोर्ट लवकर येतो, कल्चरला मात्र सहा आठवडेही लागतात. ही तपासणी टाळता येत नाही, कारण सार्कॉइडचं मुख्य औषध स्टेरॉइड, आणि आत टीबी लपलेला असेल तर तो स्टेरॉइडने भडकतो. मांटूत, म्हणजे टीबीसाठी हातावर टोचून करतात त्या चाचणीत, माझ्या हातावर काहीच उठलं नाही. आपल्याकडे निरोगी माणसांचीही मांटू सर्रास पॉझिटिव्ह येते, सार्कॉइडमध्ये मात्र ही प्रतिक्रिया बऱ्याचदा दबते, म्हणून तो कोरा हात सार्कॉइडच्या बाजूने धरला गेला. सार्कॉइडसाठी रक्तातलं एसीई नावाचं एन्झाइमही तपासतात, त्यावर मात्र फार विसंबू नका. आजार असूनही ते नॉर्मल येऊ शकतं.

मग डोळे, ईसीजी, कॅल्शियम यांची तपासणी, कारण सार्कॉइड डोळ्यांत आणि हृदयातही शिरू शकतो. शिवाय त्याचे पुंजके व्हिटॅमिन डी सक्रिय करतात आणि कॅल्शियम चढू शकतं. तेव्हा थकवा आला म्हणून केमिस्टकडून परस्पर डीच्या गोळ्या आणू नका!

कित्येकांना औषध लागतही नाही, दोन-तीन वर्षांत आजार आपणहून ओसरतो. मला दम लागायचा, म्हणून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. साधारण 20 ते 40 मिलिग्रॅमने सुरुवात होते, मग महिनोन्‌महिने डोस उतरवत न्यायचा. भूक खवळते, चेहरा फुगतो, साखर वाढते. तरी मनाने गोळी बंद करायची नाही. स्टेरॉइड सुटेना तर मेथोट्रेक्सेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. चिठ्ठीवर वार लिहून घ्या.